तेलाचा हात

२ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरीचा पहिला दिवस. एवढं लिहून जरा वेळ पेन खाली ठेवलं होतं.

तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. मग लोक दुरुस्त करेनासे झाले. नवीन घेऊ लागले, नाहीतर शिवणंच सोडून दिलं. दुकानाला कुलूप लावल्यावर चार महिने घरात होतो, म्हणजे हिच्या पायात पायात करत होतो. मिक्सर दोनदा उघडला, एकदाच जोडला. शेवटी हिनंच लेकीला फोन लावला, लेकीनं नवऱ्यामागे लकडा लावला, आणि आजपासून मी जावईबापूंच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे.

कंपनी सुरक्षारक्षक पुरवते. त्यातले बावीस जण कमरेला पिस्तूल लावून बँकांच्या आणि गोदामांच्या दारात उभे राहतात. पिस्तुलांचं कपाट जावईबापूंच्या ताब्यात, कारण ते सुपरवायझर. माझ्या ताब्यात मॅगझिनं. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती चपटी लोखंडी पेटी. आत एक लांब स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, पट्टीवर गोळ्या. वरची गोळी गेली की स्प्रिंग पुढची वर ढकलते. पाहिल्या पाहिल्या मनात म्हटलं, यात काय आहे, मशीनच्या बॉबिन केसला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीला, यापेक्षा जास्त अक्कल लागते. प्रत्येकाला तीन आणि वर चार जादा, अशी एकूण सत्तर.

खोली तळघरात आहे. भिंतीला हात लावला की हात ओला होतो. आधीच्या स्टोअरकीपरला गंजापायी काढलं. तपासणीत नऊ मॅगझिनं गंजलेली निघाली होती. त्यातलं एक जावईबापूंनी मुद्दाम टेबलावर ठेवलंय, माझ्या नजरेसमोर राहील असं. मी सहा महिने कच्च्या नोकरीवर आहे. ते म्हणाले, बाबा, तेवढा गंज सांभाळा, बाकी काही नाही. माझ्यासाठी त्यांनी वर शब्द टाकलाय, हेही सांगितलं, अगदी सहज सांगितल्यासारखं.

ऑफिसात त्यांना साहेब म्हणायचं ठरलंय. दिवसात दोनदा जमलं. तिसऱ्यांदा तोंडून 'जावईसाहेब' निघून गेलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळीबार शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणतात. बुटका माणूस, आवाज मात्र सगळ्या इमारतीला पुरेल एवढा. त्यांनी तासाभरात मला माझं काम शिकवलं.

पहिलं सांगितलं की प्रत्येक मॅगझिनवर नंबर घाला, म्हणजे एखादं रुसलं तर कोणतं ते कळेल. हे पटलं. मग म्हणाले, रोज उगाच भरू नका आणि रिकामी करू नका, स्प्रिंग दाबून राहिल्यानं मरत नाही, सारखी खालीवर केल्यानं मरते. हे अर्धं पटलं. मग म्हणाले, मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं. ब्रश फिरवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं, झालं. हे मात्र अजिबात पटलं नाही. लोखंड कोरडं ठेवा म्हणणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नव्हता. बरं, सांगतोय कोण, तर ज्याला या ओल्या तळघरात बसायचं नाही तो.

मी मान डोलावली. गंज धरला तर तो उस्तादांच्या नावावर लागणार नाही, माझ्या नावावर लागणार आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नंबर घालून झाले. रंगाची बारीक कुपी कुठे मिळेना, तेव्हा हिनं लेकीची जुनी लाल नेलपॉलिश काढून दिली. एक ते सत्तर. रक्षकांनी पाहिलं आणि आपसांत काहीतरी बोलून हसले. इथे प्रत्येकाला टोपणनाव आहे. मला काय ठेवलंय ते कुणी सांगत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार.

दुकानातली माझी लांब नळीची तेलाची कुपी घरून आणली. पाळी संपवून जे मॅगझिन परत येतं त्याच्या तोंडातून नळी आत घालतो, दोन थेंब स्प्रिंगला, दोन पट्टीला, आणि वर चार थेंब या भिंतीच्या ओलीच्या नावानं. हातात कुपी आली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे काम येतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस जणांत एकीची ओळख लिहून ठेवण्यासारखी आहे. तिला टाचणी म्हणतात, बँकेच्या दारात तशी ताठ उभी राहते म्हणून. वय बत्तीस-तेहतीस. बाकीचे मॅगझिनं ट्रेमध्ये टाकून चालते होतात, तोंडानं एक शब्द नाही. ही वेळेवर येते, तिन्ही पुसून आणते, चौदा, पंधरा, सोळा अशी ओळीनं हातात देते आणि 'थँक्यू काका' म्हणते. वस्तू हातात देण्याची लोकांची सवयच गेली आहे, त्यामुळे मला त्याचं फार वाटतं.

आज जरा बोलली. घरी वडील आणि ती, दोघंच. वडिलांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी ती सगळं हाताशी मांडून ठेवते, चारपर्यंत ते निभावून नेतात. चारनंतर त्यांना धीर निघत नाही, उठून स्वतःच गॅस पेटवायला जातात. एकदा हात भाजून घेतलाय. म्हणून तिला ही बँक हवी. सात ते तीनची पाळी आणि घर दहा मिनिटांवर. अशी सोयीची जागा कंपनीत एवढीच, आणि ती पिस्तूलवाल्या रक्षकासाठीच आहे.

तिच्या अगदी उलट म्हणजे गबाळ्या. शर्ट कधी आत नाही, मॅगझिनं पिशवीत डब्याबरोबर कोंबलेली, चारदा मागितल्याशिवाय परत करत नाही. नंबर घातल्यापासून एकदाही त्याच्या मॅगझिनांना माझ्या तेलाचा हात लागलेला नाही. मी तरी कुठवर मागे लागू?

टाचणीच्या तिन्ही मॅगझिनांना मात्र मी जास्तीचं तेल देतो. कुणाचं भलं करावंसं वाटलं तर माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे.

४ मार्च, बुधवार

आज रेंजवर सराव पाहायला गेलो. रेंज म्हणजे मागचं लांब गोदाम, जमिनीवर वाळू पसरलेली. मॅगझिन रिकामं झालं की ते तसंच खाली सोडायचं आणि दुसरं चढवायचं, असा सराव. माझी घासूनपुसून ठेवलेली मॅगझिनं धपाधप वाळूत पडताना पाहून माझ्या तोंडून 'अहो, अहो' निघालं. उस्ताद म्हणाले, ती पडण्यासाठीच असतात, तुम्ही डोळे मिटून घ्या.

टाचणीचं पिस्तूल एकदा अडकलं. पुढची गोळी वर आलीच नाही. तिनं मॅगझिन काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. मग बोटांकडे पाहिलं आणि रुमालानं ती नीट पुसली. स्वच्छतेची आवड असलेली मुलगी आहे. गबाळ्या शेजारी फटाफट गोळ्या झाडत होता, त्याला काही झालं नाही. देव पण कुणाला देतो!

परत आल्यावर तिच्या मॅगझिनांना आणखी दोन-दोन थेंब दिले.

१० मार्च, मंगळवार

पहिली तपासणी. गंज शून्य. जावईबापूंनी टेबलावरचं ते गंजकं मॅगझिन उचलून कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला, हे म्हणतात बाबांनी कमाल केली. मी म्हटलं, त्यात काय कमाल, आणि मग अर्धा तास तिला तेच सांगत बसलो.

पट्टी अंगठ्यानं दाबून सोडली की पूर्वी खाडकन वर यायची. आता लोण्यातून आल्यासारखी सावकाश येते. दिवसातून दहादा तरी दाबून पाहतो.

१८ मार्च, बुधवार

वार्षिक परीक्षा झाली. पन्नास गोळ्या, त्यातल्या चाळीस तरी निशाण्यावर लागाव्या लागतात, आणि प्रत्येक फेरीला ठरलेले सेकंद. बावीसपैकी एकवीस पास झाले. टाचणी नापास झाली.

तीनदा अडकलं. प्रत्येक वेळी काढायचं, झटकायचं, लावायचं, तोवर वेळ संपायची. एकतीस लागल्या. तिनं पिस्तूल खाली ठेवलं आणि तशीच ताठ उभी राहिली. उस्ताद म्हणाले, मनगट सैल सोडलंस की असं होतं. ती म्हणाली, मनगट सैल नव्हतं. एवढंच बोलली.

गबाळ्याच्या सत्तेचाळीस लागल्या.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी जावईबापू फॉर्म घेऊन आले. कुणी नापास झालं की शस्त्राचा दोष होता का हे लेखी लागतं. पिस्तुलाचं त्यांनी भरलं, मॅगझिनांचं मी भरायचं. देखभाल किती वेळा? रोज. तपासणीत दोष आढळला का? नाही. खाली माझी सही.

खोटं कशाला लिहू, उघडून पाहिलं नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळीच माझ्या हातानं तेल दिलं होतं, त्यात पुन्हा काय पाहायचं? शिवाय फॉर्मवर 'दोष आढळला' असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या नावापुढे लिहिणं.

सही झाल्यावर विचारलं, आता तिचं काय? तर सहा महिने पिस्तूल नाही, सहा एप्रिलपासून बदली, आणि बिनपिस्तुलाच्या जागा फक्त शहराबाहेरच्या गोदामावर. बारा तासांची पाळी. शस्त्र सदोष होतं असं ठरलं असतं तर परीक्षा पुन्हा घेतली असती.

बारा तास आणि जाण्यायेण्याचे तीन. वडिलांचं काय होणार हे मी जावईबापूंना विचारलं नाही. ते त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हतं.

२१ मार्च, शनिवार

टाचणी मॅगझिनं जमा करायला आली. चौदा, पंधरा, सोळा. पुसलेली. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. तिनं विचारलं, काका, फॉर्मवर तुमची सही आहे ना? मी म्हटलं, आहे, मॅगझिनं उत्तम होती, तूच बघ ना कशी चकचकीत आहेत. ती 'हो' म्हणाली. मग क्षणभर काहीतरी बोलावंसं वाटून थांबली आणि गेली.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, बिचारी. मी म्हटलं, मनगट सैल असेल तर मॅगझिन काय करणार? ही म्हणाली, मी मॅगझिनचं कुठे काही म्हणाले?

२४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

गबाळ्याच्या सत्तेचाळीस गोळ्या माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. तो आज पाचव्या निरोपावर मॅगझिनं घेऊन आला. मी ठरवलं होतं की याच्यासमोर एक उघडून दाखवायचं आणि चांगली कानउघाडणी करायची. बूड काढलं, कागदावर आपटलं. वाळू पडली, खिशातला भुगा पडला, बसच्या तिकिटाचा तुकडा पडला. मी म्हटलं, बघ काय केलंयस. तो म्हणाला, काका, पडलं ना सगळं? मग झालं की. आणि खरंच, आतून नळी कोरडी ठणठणीत होती. पट्टी दाबून सोडली, खाडकन वर आली.

मॅगझिन कसं असावं हे दाखवायला म्हणून मी चौदा नंबर उघडलं.

कागदावर आपटलं, काही पडलं नाही. पुन्हा आपटलं. मग बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळ्या लगद्यानं माखून. तेल, वाळू, निशाण्याच्या पुठ्ठ्याची धूळ, सगळं एकजीव झालेलं. स्प्रिंगच्या वेढ्यांत तेच. पट्टी दाबून सोडली, ती अर्ध्या वाटेवर थांबली आणि मग तिला आठवण झाल्यासारखी वर आली.

गबाळ्या म्हणाला, हे कुणाचं? मी म्हटलं, जा तू.

हा लगदा मी ओळखतो. शिलाई मशीनची सुईखालची पट्टी उघडली की दात्यांमध्ये हाच असतो, तेल आणि कापसाचा भुगा. तीस वर्षं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडून काढलाय. ज्या बाईचं मशीन तिला तो बोटावर घेऊन दाखवायचो आणि म्हणायचो, ताई, किती तेल घालता? तेलानंच अडकलंय हे. हजार वेळा म्हटलं असेन. दुकानात या एका वाक्याबद्दल मी प्रसिद्ध होतो. उस्तादांनी सहा फेब्रुवारीला मला माझंच वाक्य ऐकवलं होतं आणि मी नाक मुरडलं.

मग मला हे आधी का दिसलं नाही? दिवसभर विचार केला. मशीनच्या वेळी मला भीती नव्हती. इथे पहिल्या दिवसापासून टेबलावर ते गंजकं मॅगझिन होतं, वर जावयाचा शब्द होता. मी लोखंडाला तेल देतच नव्हतो, माझ्या भीतीला देत होतो.

दुपारनंतर रजिस्टर काढलं. गेल्या महिन्यात सरावात ज्यांचं ज्यांचं अडकलं त्यांची नावं एका बाजूला लिहिली, जे वेळेवर मॅगझिनं जमा करतात त्यांची दुसऱ्या बाजूला. दोन्ही याद्या जवळपास एकच निघाल्या. जो माझ्या हाती लागला नाही तो सुटला. आणि जिच्यावर मी सगळ्यात जास्त माया केली तिची भाकर जातेय.

२५ मार्च, बुधवार

जावईबापूंना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

ते चिडले नाहीत, चिडले असते तर सोपं गेलं असतं. समजावून सांगू लागले. बाबा, सगळी मॅगझिनं गुपचूप धुऊन टाका, पुढे कुणाचं अडकणार नाही. सहीचा फॉर्म वर गेलाय. आता मागे घेतला तर विचारतील, न पाहता सही कशी केली? या माणसाला आणलं कोणी? सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षा देईल, होईल पास. एक कागद लिहून तीन माणसांचं नुकसान कशाला करता?

त्यांचा हिशोब चुकीचा होता असंही नाही. त्यांची बढती या वर्षी आहे, लेकीनं नवीन घराचं बोलणं चालवलंय, हे सगळं मला माहीत आहे. मी म्हटलं, उद्या सांगतो. साहेब म्हणायचं विसरलो, तेही विसरले.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, ''लेकीला मी समजावीन. पण त्या मुलीच्या वडिलांना कोण समजावणार, चारनंतर गॅसजवळ जाऊ नका म्हणून?''

२६ मार्च, गुरुवार

कागद लिहून दिला. 'मॅगझिन क्रमांक चौदा, पंधरा, सोळा माझ्या चुकीनं सदोष झाली होती. सूचना असूनही मी आत तेल घातलं. तपासणी न करता सही केली.' तीन वाक्यांना पाऊण तास लागला. जावईबापूंनी वाचला, घडी घातली, वर नेऊन दिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग बँकेत गेलो. टाचणीला शेवटचे आठ-दहा दिवस बिनपिस्तुलाचं तिथंच उभं केलंय. तीन वाजता तिची पाळी संपली तशी तिला फुटपाथवर गाठली आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. तेल मी घातलं, सगळ्यांत जास्त तुझ्यातच घातलं, न उघडता सही केली. आज तसं लिहून दिलंय.

ती म्हणाली, ''मला माहीत होतं काका.''

मला कळेचना. ती सांगू लागली. सरावातच लक्षात आलं होतं तिच्या, बोटं काळी व्हायची. घरी मॅगझिन न्यायला परवानगी नाही, नाहीतर रोज पुसलं असतं. परीक्षेच्या सकाळी वरवर रुमाल फिरवला, पण आतलं कसं निघणार?

''मग बोलली का नाहीस?''

''तुम्ही खास माझ्यासाठी करत होता. माझी मॅगझिनं हातात घेताना तुमचा चेहरा बघण्यासारखा असायचा, इतका खूश. वाटलं, एवढंसं तेल ते काय, मी घेईन सांभाळून.'' मग म्हणाली, ''परवा सहीचं विचारलं, तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा राग आला होता म्हणून बोलले नाही.''

मी म्हटलं, यापुढे काही खटकलं तर तोंडावर सांगशील? ती म्हणाली, ''बघू.'' आणि घड्याळ पाहून घाईघाईनं निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. माझ्या चुकीचं तर होतंच. पण माझं मन राखण्यासाठी एका बाईनं स्वतःचं पोट पणाला लावलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, याचं जास्त.

३० मार्च, सोमवार

निर्णय आला. टाचणीची परीक्षा दोन तारखेला पुन्हा. मला ताकीद, आणि कच्ची नोकरी सहाची नऊ महिने. जावईबापूंनाही एक पत्र आलंय, त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही. लेकीचा फोन चार दिवस आलेला नाही. मीही केला नाही, करून काय सांगणार?

उस्ताद तळघरात आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, मी तरी तिच्या मनगटाला दोष देण्याआधी उघडून पाहिलं होतं का? मग बाह्या सरसावून शेजारी बसले. सत्तरच्या सत्तर मॅगझिनं उघडली. पेट्या, स्प्रिंगा, पट्ट्या वेगळ्या केल्या, ब्रश मारला, कोरड्या केल्या, त्याच नंबरची त्यातच जोडली. ओलीसाठी त्यांनी झाकणाचा घट्ट डबा आणि बुटांच्या खोक्यात असतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणल्या. इतका साधा उपाय होता. फेब्रुवारीतच विचारला असता तरी त्यांनी सांगितला असता.

तेलाची कुपी घरी नेऊन दिली. ही म्हणाली, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरताहेत त्यांना घाला. एकेक थेंब घातला.

२ एप्रिल, गुरुवार

परीक्षेला मला आत जायची मनाई होती, आणि ती योग्यच होती. गोदामाच्या बाहेर पायरीवर बसलो. भिंतीतून आवाज येतो, फक्त दबका.

मोजायला लागलो. दहापर्यंत सरळ गेलं. दहानंतर थांबलं तेव्हा मी अर्धा उठलो, पण ते मॅगझिन बदलणं होतं. वीस. तीस. बत्तिसाव्यानंतर पुन्हा शांतता. इथे बदलायचं नव्हतं. मनात तिचे हात दिसत होते, काढायचं, झटकायचं, लावायचं. मग तेहतिसावा आवाज आला आणि पुढचे ओळीनं. मागून कळलं की उस्तादांनी सेकंदांचं घड्याळ पुन्हा लावायला फेरी मध्येच थांबवली होती.

पन्नासावा आवाज आला. जावईबापू बाहेर आले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ''चव्वेचाळीस,'' ते म्हणाले. मग माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसले.

टाचणी बाहेर आली तेव्हा सव्वातीन झाले होते. ती न थांबता घरी गेली.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी पावणेसातला स्टोअरच्या खिडकीशी टाचणी. मागे रांगेत पाच जण. मी तिची तिन्ही मॅगझिनं पुढे केली. आता जुनं सगळं मिटलं, पुन्हा पहिल्यासारखं हसून 'थँक्यू काका' येईल, असं मनात धरून बसलो होतो.

तिनं चौदा उघडलं, आत बोट फिरवलं, बोट पाहिलं, बाजूला ठेवलं. पंधरा उलटं केलं, तोंडाच्या कडा चाचपल्या आणि माझ्याकडे परत सरकवलं.

''काका, हे चालणार नाही. कड वाकलीये. दुसरं द्या.''

सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला राग आला, चांगलाच आला. अजून आठवडा झाला नाही उस्तादांबरोबर सत्तर मॅगझिनं डोळ्यांखालून घालून, आणि ही मला कड दाखवते! दुकानातलं भिंग काढलं, दिव्याखाली धरलं. केसाएवढी वाकलेली होती. सुटली होती आमच्या नजरेतून.

पंधरा नंबर बाद केलं. जादापैकी सदुसष्ट तिला दिलं. तेही तिनं उघडून पाहिलं, पट्टी दाबून सोडली, ऐकलं, आणि मगच सही केली. हसली नाही, थँक्यूही म्हणाली नाही. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, ''उद्याही बघणार मी.''

मी म्हटलं, बघ.

ती गेल्यावर मागच्यानं आपलं मॅगझिन खिशात घालता घालता थांबून ते उघडलं. त्याच्या मागच्यानंही. गबाळ्यासुद्धा आत डोळा लावून पाहत होता, काय पाहायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, तर मी दाखवलं. आज रांग संपायला वीस मिनिटं जास्त लागली.